नावेला काठ माहीत नसतो

अकरावीत शिकणाऱ्या एका मुलाने विचारले आहे: "प्रवाहाबरोबर जाताना वेगांची बेरीज आणि विरुद्ध जाताना वजाबाकी, हे सूत्र पाठ आहे. पण इंजिन तर दोन्ही वेळा तेवढाच जोर लावते, मग वेग वाढतो कुठून? जाताना जेवढा फायदा तेवढाच येताना तोटा, मग जाऊन-येऊन लागणारा वेळ शांत पाण्याइतकाच का येत नाही? आणि पाण्यात पडलेली वस्तू परत गाठायची गणिते मला पानभर लिहून सुटतात, माझा मित्र ती तोंडी सोडवतो. तो नेमके काय करतो?"

मी बावीस वर्षे कोकणातल्या खाड्यांमध्ये लाँच चालवली आणि आता सारंगाच्या, म्हणजे लाँच चालवणाऱ्या मुख्य खलाशाच्या, परवान्याची तयारी करणाऱ्या मुलांना शिकवतो. तुझ्या शंका माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या असतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते. सूत्र आधी हातात पडते, पाणी नंतर दिसते.

तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे. तू काठावर उभा राहून हिशेब करतोस. तो वाहत्या पाण्यावर बसून कर. नावेला काठ माहीतच नसतो. तिच्या पंख्याला, सुकाणूला, बुडाला लागते ते फक्त पाणी. इंजिनाने पंखा फिरवला की तो पाणी मागे ढकलतो आणि नाव त्या पाण्याच्या तुलनेत पुढे सरकते. शांत तळ्यात ताशी ९ किमीने चालणारी नाव ताशी ३ किमीने वाहणाऱ्या खाडीतही पाण्याच्या तुलनेत ताशी ९ किमीनेच चालते, मग तिचे तोंड समुद्राकडे असो की घाटाकडे. फरक एवढाच की ज्या पाण्यावर ती चालते आहे ते पाणीच सरकते आहे. पाण्याचे सरकणे आणि नावेचे चालणे एकाच दिशेला असले तर काठावरच्या माणसाला १२ दिसतात, उलट असले तर ६. इंजिनाला या १२ ची किंवा ६ ची खबरही नसते. डिझेल दोन्ही वेळा तासाला तेवढेच जळते, पंख्याचे फेरे तेवढेच पडतात.

हे वाचून पटत नाही, पाण्यावर गेल्यावर पटते. अमावस्येची रात्र आहे, आभाळ भरलेले आहे, काठावर एकही दिवा नाही आणि आम्ही खाडीच्या मध्यावर इंजिन बंद करून थांबलो आहोत. ओहोटीला जोर आहे हे मला तिथीवरून ठाऊक आहे. पण बॅटरीचा झोत पाण्यावर टाकला तर नावेलगत तरंगणारी नारळाची सोडणे (वरची साले), पालापाचोळा, सगळे जागच्या जागी. पाणी तळ्यासारखे. नव्या खलाशाची खात्री असते की नाव उभी आहे. तेवढ्यात जाळे बांधायचा एक खुंटा अंधारातून सरकत येतो आणि सळसळत बाजूने निघून जातो. त्याच्या बुडाशी पाणी फुटून फेस आलेला असतो, जणू खुंटाच पाणी कापत वर निघाला आहे. खुंटा तर खाली चिखलात रोवलेला. चाललो आहोत ते आपण, सोडणे आणि पालापाचोळ्यासकट.

आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटीयात पृथ्वीचे फिरणे समजावताना नावेचाच दाखला घेतला. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे तो सांगतो. दीड हजार वर्षांपूर्वी एवढी मोठी गोष्ट पटवून द्यायला त्याला नावेतल्या माणसाच्या नजरेपेक्षा वेगळे काही लागले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता दुसरी शंका. ही माझी सगळ्यात आवडती.

नावेचा शांत पाण्यातला वेग ताशी ९ किमी, प्रवाह ताशी ३ किमी, आणि १२ किमी जाऊन परत यायचे. प्रवाहाबरोबर १२ भागिले १२, म्हणजे १ तास. विरुद्ध १२ भागिले ६, म्हणजे २ तास. एकूण ३ तास. शांत पाण्यात २४ भागिले ९, म्हणजे २ तास ४० मिनिटे. २० मिनिटे जास्त गेली. तू विचारतोस, फायदा-तोटा सारखाच होता तर ही वीस मिनिटे गेली कुठे?

फायदा-तोटा ताशी सारखाच होता, पण तास सारखे नव्हते. पाण्याने मदत केली एकच तास. त्या तासात त्याने तुला ३ किमी पुढे नेले. आडकाठी मात्र केली दोन तास आणि त्या दोन तासांत ६ किमी मागे ओढले. निव्वळ तोटा ३ किमी. हे ३ किमी नावेला स्वतःच्या जोरावर भरून काढावे लागले, आणि ताशी ९ किमीने ३ किमीला बरोबर २० मिनिटे लागतात. सूत्र न लिहिता हिशेब जुळला. विरुद्ध जाताना नाव हळू जाते, म्हणूनच ती त्या त्रासात जास्त वेळ राहते. सगळे मर्म एवढ्यात आहे.

प्रवाह वाढवत जा आणि काय होते ते बघ. प्रवाह ताशी ६ झाला तर जायला ४८ मिनिटे, यायला ४ तास. ८ झाला तर जायला जेमतेम ४२ मिनिटे आणि यायला १२ तास. ९ झाला की नाव परत येतच नाही. इंजिन धडधडते, पंख्यामागे फेस उसळतो, आणि काठावरचे तेच माडाचे झाड तासभर तुझ्या बाजूला उभे असते. पावसाळ्यात नदीचे लोंढे आणि ओहोटी एकत्र आली की कमी ताकदीच्या यांत्रिक होड्यांचे असे होताना मी पाहिले आहे. अशा वेळी शहाणा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, इंजिनाचा कान पिळत बसत नाही, काठाला लागून नांगर टाकतो.

सूत्रच हवे असेल तर शांत पाण्यातल्या वेगाला न म्हण, प्रवाहाला प म्हण. जाऊन-येऊन लागणारा वेळ = २ × अंतर × न ÷ (न² − प²). छेदातून प² वजा होतो, म्हणून प्रवाह कोणत्याही दिशेला असो, वेळ वाढतोच. प्रवाहाला आडवे १२ किमी जाऊन परत आलास तरी वेळ वाढतो, पण कमी: सुमारे २ तास ५० मिनिटे. सोबत-विरुद्ध ३ तास, आडवे २ तास ५० मिनिटे. मायकेलसन आणि मोर्ली या शास्त्रज्ञांनी १८८७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला प्रकाशाच्या बाबतीत हाच फरक शोधायचा प्रयत्न केला. प्रकाश ही नाव, आणि ज्या 'ईथर'मधून पृथ्वी जाते असे तेव्हा मानत तो ईथर हा प्रवाह. अपेक्षित फरक मिळाला नाही. प्रकाश नावेचा नियम पाळत नाही, हे पुढे आइनस्टाइनच्या १९०५ च्या सिद्धांताने उलगडले. तुझ्या भौतिकशास्त्रात हा प्रयोग कधीतरी भेटेल. भेटला की ही खाडी आठव.

तिसरी शंका, तोंडी सोडवणाऱ्या मित्राची. असे समज, नाव प्रवाहाविरुद्ध चालली आहे. धक्क्याजवळून जाताना डिझेलचा रिकामा कॅन पाण्यात पडला. २० मिनिटांनी लक्षात आले, नाव तिथल्या तिथे वळवली, आणि कॅन धक्क्यापासून २ किमी खाली सापडला. इंजिन सारखेच चालू होते. प्रवाहाचा वेग किती?

तू नावेचा वेग न मानशील, प्रवाह प मानशील, वर जाण्याचे अंतर, खाली येण्याचे अंतर, कॅनचे अंतर, अशी तीन समीकरणे मांडशील. उत्तर बरोबरच येईल. तुझा मित्र मात्र पाण्यावर बसतो. पाण्यावरून बघितले तर कॅन पडला तिथेच आहे, ती सोडणे होती तसा. नाव कॅनपासून २० मिनिटे दूर गेली, मग वळून त्याच वेगाने परत आली. परत यायलाही २० मिनिटेच लागणार. घरापासून चालत दुकानात गेलास तर त्याच चालीने परत यायला तेवढाच वेळ लागतो, तसे. एकूण ४० मिनिटे झाली. तेवढ्या वेळात कॅन काठाच्या तुलनेत २ किमी वाहिला. ४० मिनिटांत २ किमी म्हणजे ताशी ३ किमी. नावेचा वेग लागलाच नाही, आणि तो या माहितीतून काढताही येत नाही. नाव जलद असो की मंद, कॅन त्याच जागी सापडेल.

काठावरून पडताळा हवा असेल तर तोही घे. २० मिनिटांत, म्हणजे तासाच्या तिसऱ्या हिश्शात, नाव वर गेली (न − प) ÷ ३ आणि कॅन खाली गेला प ÷ ३. दोघांतले अंतर न ÷ ३. वळल्यावर नाव न + प ने येते, कॅन पुढे प ने पळतो, म्हणजे अंतर न ने कमी होते. वेळ परत तासाचा तिसरा हिस्सा. दोन्ही ठिकाणी प आपोआप गळून पडला. कागदावर प असा गळताना दिसला की समजावे, हे गणित पाण्यावर बसून करायचे होते.

समोरासमोर येणाऱ्या नावांचेही तेच. एक प्रवाहाबरोबर येते, तिचा शांत पाण्यातला वेग ९. दुसरी विरुद्ध येते, तिचा ७. दोघींतले अंतर ताशी १६ किमीने घटते, मग प्रवाह ३ असो की शून्य. एकच पाणी दोघींना सारखेच वाहून नेते. टक्कर टाळायचा विचार करताना सारंग प्रवाह मनात आणत नाही. किनाऱ्यावरच्या खडकापासून वाचायचे असेल तेव्हा मात्र तोच पहिला आणतो, कारण खडक पाण्याबरोबर वाहत नाही. कोणती वस्तू पाण्याची आहे आणि कोणती जमिनीची, हे आधी वेगळे करायचे. पेन्सिल नंतर उचलायची.

दहावीच्या बीजगणितात 'प्रवाहाबरोबरचा वेग आणि प्रवाहाविरुद्धचा वेग दिला आहे, नावेचा वेग आणि प्रवाह काढा' अशी गणिते असतात. बेरजेचे निम्मे केले की नावेचा वेग, वजाबाकीचे निम्मे केले की प्रवाह. स्पर्धा परीक्षांच्या वर्गात हे युक्ती म्हणून शिकवतात. ही नुसती युक्ती नाही, नव्या जहाजाचा वेग तपासायची ही जुनी आणि पक्की पद्धत आहे. किनाऱ्यावर ठरावीक अंतराच्या खुणा असतात. तो टप्पा बहुधा एक समुद्री मैल, म्हणजे १,८५२ मीटर. पंख्याचे फेरे तेवढेच ठेवून जहाज एकदा इकडून तिकडे नेतात, एकदा तिकडून इकडे. समज, एकदा ११ नॉट भरले, एकदा ९. (तासाला एक समुद्री मैल म्हणजे एक नॉट.) जहाजाचा स्वतःचा वेग १० नॉट, प्रवाह १ नॉट.

इथे एक गंमत लक्षात घे. शाळेत तू सरासरी वेग काढताना ११ आणि ९ ची बेरीज करून निम्मे केलेस तर वहीत लाल रेघ बसते. सांगतात, एकूण अंतराला एकूण वेळेने भाग. तसे केले तर ९.९ येतात. मग खरे काय, १० की ९.९? दोन्ही खरे, प्रश्न वेगळे. '९.९' हे प्रवाशाचे उत्तर आहे: जाऊन-येऊन सरासरी किती वेगाने प्रवास झाला? '१०' हे जहाजाचे उत्तर आहे: याच्या इंजिनात आणि बुडात दम किती? प्रवाह वेगात सारखाच मिळवला जातो आणि सारखाच वजा होतो, म्हणून वेगांच्या साध्या सरासरीत तो पुसला जातो. वेळेत तसा पुसला जात नाही. ते आपण त्या २० मिनिटांत पाहिलेच.

भरती-ओहोटीच्या पाण्यात आणखी एक अडचण येते. पहिली फेरी संपवून वळेपर्यंत प्रवाह बदललेला असतो. म्हणून चार फेऱ्या करतात आणि मधल्या दोघींना तिप्पट वजन देतात: पहिली, अधिक तीन वेळा दुसरी, अधिक तीन वेळा तिसरी, अधिक चौथी, भागिले आठ. करून बघ. जहाजाचा खरा वेग १० नॉट धर आणि प्रवाह फेरीगणिक ०.६, १.०, १.३, १.५ असा बदलतो असे धर. फेऱ्या सोबत, विरुद्ध, सोबत, विरुद्ध. वेग भरतील १०.६, ९.०, ११.३, ८.५. साधी सरासरी काढलीस तर ९.८५ येते, चूक. वजनाने काढ: १०.६ + २७ + ३३.९ + ८.५ = ८०, भागिले ८, बरोबर १०. मी हे पहिल्यांदा स्वतः करून पाहिले तेव्हा कागद बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

पुस्तकातला प हा सगळीकडे आणि सदासर्वकाळ सारखा असतो. खाडीतला तसा नसतो, आणि आमचे अर्धे काम त्यातच असते. भरती साधारण सव्वासहा तास चढते, ओहोटी तेवढीच उतरते. चढ सारखा नसतो. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात पुन्हा एक. चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात ३० सेंटीमीटर, तिसऱ्यात ९०. पाण्याची ओढ, म्हणजे प्रवाहाचा जोरही त्याच प्रमाणात, म्हणजे मधल्या दोन तासांत सगळ्यात जास्त. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त, अष्टमीच्या भांगाला कमी. कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. ढोबळ आहे, पण मोबाइलला रेंज नसते तिथे आजही कामाला येते. शिडाची गलबते भरतीवर खाडीत शिरत आणि ओहोटीवर बाहेर पडत ती यासाठीच. त्यांनी न − प चा प्रसंगच येऊ दिला नाही.

शिवाय प्रवाह पात्रभर सारखा नसतो. मध्यावर आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात, काठालगत आणि वळणाच्या आतल्या अंगाला मंद. पाण्याबरोबर जायचे तर मध्य धरायचा, विरुद्ध जायचे तर खोली सांभाळत काठ धरायचा. त्याच नावेने, त्याच डिझेलवर, नुसती वाट बदलून मी अर्धा-अर्धा तास वाचवला आहे.

आता आडवे जायचे, म्हणजे तुझ्या पुस्तकातला पुढचा धडा. दाभोळ-धोपावे, वेशवी-बागमांडला, जयगड-तवसाळ या फेरीबोटींवरून तू कधी गेला असशील तर बोटीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बघ. ओढ असली की नाळ समोरच्या धक्क्याकडे नसते. ती ओढ येते त्या अंगाला तिरकी असते आणि बोट खेकड्यासारखी आडवी-तिरकी सरकत बरोबर धक्क्याला लागते. समज पात्र ६०० मीटर, बोट मिनिटाला १५० मीटर, ओढ मिनिटाला ९० मीटर. नाळ सरळ समोर ठेवलीस तर ४ मिनिटांत पलीकडे जाशील, पण ३६० मीटर खाली लागशील. तिथे धक्का नाही, चिखल आहे. सरळ धक्क्यालाच लागायचे तर नाळ सुमारे ३७ अंश वर वळव. १५० पैकी ९० ओढीला तोंड देण्यात जातात, पलीकडे जायला १२० उरतात (१५० चा वर्ग वजा ९० चा वर्ग, त्याचे मूळ), आणि वेळ ५ मिनिटे. लवकरात लवकर पलीकडे आणि नेमके समोर, या दोन वेगवेगळ्या मागण्या आहेत. परीक्षेत मुले हेच दोन एकमेकांत मिसळतात. कमी वेळ हवा तर नाळ काठाला काटकोनात, कारण प्रवाह तुला खाली नेतो, पलीकडे जाण्यात मदतही करत नाही आणि अडवतही नाही.

ओढ नावेपेक्षा जोरात असेल तर नेमके समोर पोहोचणे शक्यच नाही, नाळ कुठेही वळव. पोहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे अनेकदा होते, म्हणून कळकळीने सांगतो: पुराच्या पाण्यात सापडलास तर ज्या घाटावरून पाय घसरला त्याच घाटाकडे पोहत जाऊ नकोस. तिथे न − प उणे असतो आणि दम संपेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. जवळच्या काठाकडे आडवा पोह, खाली वाहत जा, जिथे लागशील तिथे लाग. समुद्रावर पाणी आत ओढू लागले तरी तसेच. ती ओढ अरुंद पट्ट्यात असते. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचे आणि मग किनाऱ्याकडे वळायचे. चांगले पोहणारेही यात बुडतात, कारण त्यांना आपल्या न वर भरवसा असतो.

धक्क्याला लागण्याबद्दल तुझे शाळेचे पुस्तक सांगत नाही, म्हणून मी सांगतो. सुकाणू चालते ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. समज, नाव ताब्यात राहायला पाण्याच्या तुलनेत निदान २ नॉट वेग हवा, आणि ओढही २ नॉट आहे. ओढीबरोबर धक्क्याला आलास तर ताबा ठेवण्यापुरता वेग ठेवूनही धक्क्याच्या तुलनेत तू ४ नॉटने येतोस. ओढीला तोंड करून आलास तर सुकाणू तेवढेच जिवंत असते आणि धक्क्याच्या तुलनेत तुझा वेग शून्य असतो. नाव उभी, पाणी वाहते, आणि तू सुकाणूला किंचित कल देऊन तिला हळूच बाजूला सरकवतोस. खलाशी पायरीवर उतरावा तसा दोर घेऊन उतरतो.

हे मी धडा घेऊन शिकलो. सुकाणूवर माझी पहिली दोन वर्षे चालली होती. ओहोटीच्या मधल्या तासात, बाजारच्या प्रवाशांना घाई म्हणून, वळसा न घालता पाण्याबरोबरच धक्क्याला आलो. वेग कमी करावा म्हणून इंजिन मंद केले आणि त्याच क्षणी सुकाणू हातात मेले. नाव आणि पाणी एकाच वेगाने चालले होते, सुकाणूवरून वाहायला पाणीच नव्हते. नाळ धक्क्याच्या कोपऱ्यावर आदळली, दोन फळ्या फुटल्या, एका मावशींच्या हाताला लागले. नशिबाने हाड शाबूत राहिले. त्या दिवसापासून कितीही घाई असो, धक्क्याच्या पुढे जाऊन, वळून, ओढीला तोंड करूनच लागतो. नावेला काठ माहीत नसतो, पण धक्का काठाचा असतो. म्हणून सारंगाच्या डोक्यात दोन्ही वेग एकाच वेळी लागतात: पाण्याच्या तुलनेतला ताब्यासाठी, जमिनीच्या तुलनेतला धडकेसाठी. जीपीएस फक्त दुसरा दाखवतो. नवी मुले त्या पडद्याकडे बघून इंजिन कमी-जास्त करतात, तेव्हा मी पडद्यावर हात ठेवतो आणि त्यांना पाण्याकडे बघायला सांगतो.

डिझेलचे एक गणित देतो, तुला आवडेल. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून इंजिनाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. दर किलोमीटरचा खर्च म्हणजे ही ताकद भागिले काठाच्या तुलनेतला वेग, न³ ÷ (न − प). प्रवाह ४ असताना विरुद्ध जायचे आहे. न ५ ठेवलास तर खर्च १२५ ÷ १ = १२५. न ८ ठेवलास तर ५१२ ÷ ४ = १२८. न ६ ठेवलास तर २१६ ÷ २ = १०८, सगळ्यात कमी. उत्तर नेहमी प्रवाहाच्या दीडपट येते. अवकलन शिकलास की स्वतः काढून बघ. फार हळू गेलास तर तासन्‌तास जागच्या जागी डिझेल जळते, फार जोरात गेलास तर पाणी फाडण्यात जळते. अर्थात भरतीची वाट बघितलीस तर याहूनही कमी.

पुढच्या सुट्टीत कोकणात येणार असशील तर एवढे करून बघ. धक्क्यावर ३० मीटर अंतर पावलांनी मोज, नारळाची करवंटी पाण्यात टाक आणि ते अंतर जायला किती सेकंद लागतात ते घड्याळात बघ. २० सेकंद लागले तर ओढ सेकंदाला दीड मीटर. मग फेरीबोटीत चढ. मध्यावर असताना मोबाइलच्या होकायंत्रावर नाळेची दिशा बघ, समोरच्या धक्क्याची दिशा बघ, दोघींतला कोन लिहून ठेव, आणि जीपीएसवरचा वेगही लिही. कोन ३७ अंशांच्या आसपास आणि वेग सेकंदाला २ मीटर आला, तर बोटीचा स्वतःचा वेग अडीच मीटर असायला हवा. परत आल्यावर सारंगाला विचारून पडताळ. करवंटी काठाजवळ टाकलेली असेल, त्यामुळे तुझी ओढ मध्यापेक्षा कमी भरेल, ते धरून चाल. वारा कोणत्या अंगाने होता तेही वहीत टिपून ठेव, आणि आकडे जुळले नाहीत तर सगळे तसेच लिहून मला पाठव.